पट्टा पाचवा

मे महिन्यात सगळे खोटं बोलतात.
गिऱ्हाइकं म्हणतात, आमच्याकडे वारा लागत नाही,
भिंत दक्षिणेला आहे, तळं जवळ आहे, ऊब धरून राहतं.
मी म्हणतो, बघू.
कुंडीच्या गळ्यातल्या चिठ्ठीवर रोमन आकडा असतो.
एक म्हणजे दक्षिणेची बेटं, जिथे सफरचंदं लाडात वाढतात,
आठ म्हणजे लॅपलंड.
आमचं कायानी पाचात बसतं,
आणि पाचात काय काय बसतं ते मला पाठ आहे:
लिलॅक, पिओनी, आणि तो पांढरा रानटी गुलाब,
लावणारा मेल्यावरही
ओसाड घरांच्या पायऱ्यांशी फुलत राहणारा.

आउने केंप्पाइनेनला पाचातलं काही नको होतं.
तिला मॅग्नोलिया हवा होता.
तीन वसंत ती आली, डोक्यावरची टोपी न काढता.
तीन वसंत मी नाही म्हटलं.
"चिठ्ठीवर दोन लिहिलंय, आउने."
"वाचता येतं मला."
चौथ्या वसंतात पैसे मोजूनच आली.
टपालात चाळीस वर्षं दुसऱ्यांची पार्सलं वाहिली, म्हणाली,
एक तरी माझ्या दाराशी यावं,
पत्ता चुकलेलं.

मग मी सगळ्यांना सांगतो तेच सांगितलं.
जुलैनंतर खत घालू नकोस.
खायला मिळालं की झाडाला वाटतं उन्हाळा आहे अजून,
ते कोवळं फुटत राहतं,
आणि ऑक्टोबर त्याला उघड्यावर गाठतो.
जमीन गोठायच्या आत पोटभर पाणी दे.
स्प्रूसच्या फांद्या उभ्या टेकव. प्लास्टिक नको, गुदमरतं.
बुंध्याभोवतीचा बर्फ बुटांनी तुडव,
नाहीतर उंदीर खालून बोगदा काढतात
आणि साल गोल कातरून टाकतात, बांगडीएवढी.
आणि जानेवारीला भिऊ नकोस,
मार्चला भी.
मार्चात ऊन येतं, फांद्या जाग्या होतात, पाणी मागतात,
आणि मुळं अजून दगडात.
थंडीनं मरतात त्याहून जास्त तहानेनं मरतात.
हे मी गिऱ्हाइकांना सांगतो.
घरी कुणाला सांगायची वेळ येत नाही.

त्या वर्षी बर्फ आलाच नाही.
नोव्हेंबर काळा. डिसेंबर काळा.
उणे अठरा, आणि रेडिओ म्हणे उणे तिशी वाटेवर आहे,
जमिनीच्या अंगावर मात्र चिंधी नाही.
आमच्याकडचे म्हातारे फावडं हातात घेऊन बर्फाला शिव्या घालतात,
तो नसला की रात्री उठून
खिडकीशी जातात.
मीही गेलो, दोनदा.

नाताळच्या आधी तिच्या गल्लीतून गाडी नेली.
आउने टपालाची जुनी ढकलगाडी ओढत होती.
शाळेमागे आइस हॉकीचं मैदान आहे,
पोरं खेळून गेली की त्याचा खरवडा
कडेला ढीग करून टाकतात.
तो ती आणत होती.
करडा, घाणेरडा, मध्ये एक तुटका मोज्याचा पट्टा.
"सतरावी खेप," म्हणाली.
मी पुढे काही विचारलं नाही. फावडं गाडीत होतंच.

मे महिन्यात तिनं बोलावलं.
झाड जिवंत आहे का बघायचं तर यंत्र लागत नाही,
नख लागतं.
साल जराशी खरवडायची.
वरची फांदी: तपकिरी.
तिच्या खालची: तपकिरी, काडीसारखी मोडली.
आउने दुसरीकडे बघत होती, कुंपणाकडे,
जणू तिथे कुणी येणार होतं.
मी गुडघ्यांवर बसलो.
खाली, शाळेचा बर्फ जिथवर होता
बरोबर तिथवर,
नखाखाली हिरवी रेघ. ओली.

"फुलेल?"
यंदा नाही, म्हटलं. पुढच्या वर्षीही धरू नकोस.
"पोचलं ना पण," ती म्हणाली,
आणि आत जाऊन कॉफी ठेवली.

दुकानात परतलो तर एक तरुण उभा,
हातात जपानी मेपल, चिठ्ठीवर दोन.
भिंत दक्षिणेला आहे, म्हणाला. वारा अजिबात लागत नाही.
नाही म्हणायला मी तोंड उघडलं.
मग विचारलं,
जवळपास शाळा आहे का?